बाजाराच्या दिवशीची गोळी

रंगाच्या बापाला,

परवा रंगा बैलबाजारातून फाटक्या कॉलरीनं घरी आला. सौद्यात भाव भलताच निघाला म्हणून एका बैलवाल्यानं त्याची गचांडी धरली अन् भर बाजारात ओरडला, "बाप चोर, पोरगंबी चोर!" मी कॉलर शिवायला घेतली, पण रागानं दोनदा दोरा तोडला. मंग म्हणलं, शिवी तुमच्या नावानं बसली, तर तुम्हालाच आधी सांगावं. म्हणून लिहायला बसले. जिवंतपणी माझं कधी सरळ ऐकलं न्हाई तुम्ही. आता ऐका. आता कुठं उठून जाणार?

भानगड तीच हाय, तुमच्या वेळची. रुमालाखालच्या बोटांची.

काय रुबाब होता तुमचा! एका बाजूला बैल विकणारा, दुसऱ्या बाजूला घेणारा, मधी दलाल म्हणून तुम्ही. वरून रुमाल, खाली हातात हात. एक बोट दाबलं की एक, पंजा धरला की पाच. हजार का शेकडा, तेवढं तोंडानं पुटपुटायचं. तिसऱ्याला भाव कळायचा न्हाई. परतूरकडचे लोक म्हणायचे, ह्या माणसाच्या हातात डोळे झाकून हात द्यावा.

लग्न झाल्यावर मलाबी शिकवलं तुम्ही. पदराखाली बोटं दाबून विचारायचे, "सांग, किती?" सासूबाई चुलीपुढून ओरडायच्या, "तुमचा सौदा उरकला असंल तर भाकरी खाऊन घ्या!"

मंग तुमचे पाय सुजायला लागले. डॉक्टर म्हणला, बीपी लई वर हाय अन् त्यानं किडनी खराब होऊन राह्यली. दोन गोळ्या दिल्या. एक बीपी उतरवायची, एक लघवीवाटं अंगातलं पाणी काढायची. मीठ कमी करा म्हणला. त्या मिठावरून केवढा तमाशा केला तुम्ही! "ही भाजी हाय का सरकीची पेंड?" अन् माझी पाठ फिरली की हात लोणच्याच्या बरणीत. मला काय कळत नव्हतं? बोटं लाल दिसायची ना!

पण खरी खोट गोळीत होती. बाजाराच्या दिवशी तुम्ही गोळीला शिवत नव्हते.

"काहून घेत न्हाई?" मी विचारलं.

"घेतली की घडीघडी जावं लागतं. हात रुमालाखाली असताना उठून कसा जाऊ? समोरचा म्हणंल, दलाल भाव फोडायला गेला."

"मंग पाण्याची राहू द्या, बीपीची तरी घ्या!"

"दोन्ही पांढऱ्याच हायेत. कोणची कोणची ते कोण पाहत बसंल? एका दिवसानं काय होतंय?"

एक दिवस कुठला हो? आज ह्या गावचा बाजार, परवा त्या गावचा. बाजार नसला की म्हणायचे, आज डोकं हलकं हाय, मंग कशाला घेऊ? अन् डोकं दुखलं की दुकानातून दुखण्याची गोळी आणून गिळायचे. ती तर किडनीला आणखी वाईट, असं जालन्याचा डॉक्टर काल म्हणला.

मंग तुमची बोटं चुकायला लागली. एक बोट कमी दाबायचे, नाहीतर भलत्याचाच भाव भलत्याला सांगायचे. घरीबी तेच. गोठ्यात जाऊन उभे राहायचे अन् मलाच विचारायचे, "मी इथं काहून आल्तो?" मी म्हणायची, मला काय माहीत, तुमच्या बैलाला विचारा. बाजारात मात्र कोणी हसलं न्हाई. ते म्हणले, म्हातारा लबाड झाला. दोन्हीकडून खातो.

तुम्ही एकदा तरी उलटून बोलायचं ना! सगळ्या बाजारात घसा फाडून ओरडणारा माणूस, अन् चोर म्हणल्यावर गुमान घरी आला. रुमाल खुंटीला अडकवला अन् वट्ट्यावर जाऊन बसला. कोणी आलं की तोंड फिरवायचं. एक दिवस सकाळी तोंड वाकडं झालं, चहा हनुवटीवरून ओघळला. जालन्याला नेईस्तोवर बोलणं गेल्तं. काहीतरी सांगू पाहत होते मला, माझा हात धरून बोटं दाबत होते. मी लई ध्यान दिलं. पण त्या बोटांत हिशोब राहिला नव्हता हो.

तुम्ही गेले ते चोर हे नाव घेऊन गेले. ते मला अजून टोचतं. मी रडत बसले न्हाई, पण टोचतं.

आता रंगाचं ऐका. तुमच्यामागं दलाली तोच करतो. त्यालाबी बीपी हाय, किडनीचा रिपोर्ट खराब हाय, ते गेल्या साली कळलं. गोळ्या चालू हायेत असं तो म्हणायचा अन् मी खरं मानायची. परवा कॉलर शिवताना बाजाराच्या त्या सदऱ्याच्या खिशात गोळ्यांचं पाकीट निघालं. भरलेलं! एक न्हाई फोडलेली. तुम्ही त्याला बैलाचे दात पाहायला शिकवलं, ही खोड तर शिकवली नव्हती ना? मंग कुठून आली?

"रंगा, हे काय रे?"

"माय, बाजारात जमत न्हाई. सौद्यातून उठता येत न्हाई."

शब्दाला शब्द तुमचाच!

"तुझा बाप ह्यानंच गेला," मी म्हणलं.

"बापाला बीपीनं न्हाई मारलं. लोकाच्या तोंडानं मारलं."

"लोकाचं तोंड काय कवटीत शिरून नस फोडतं का रे?"

मी त्याच्यापुढं बसले, पदर सोडला अन् त्याच्या हातावर टाकला. "माझा हात धर. सांग किती." मी पंजा धरून वर दोन बोटं दाबली.

"सहा," तो म्हणला.

"पुन्हा सांग."

"सहाच हायेत. तुलाच येत न्हाई."

"बरं, मंग तू दाब. आठ दाब."

त्यानं पंजा धरला, वर एक बोट दाबलं अन् थांबला. कपाळाला घाम आल्ता त्याच्या. आमची सून सुनीता दारात उभी होती. ती हळूच म्हणली, "आत्याबाई, चार रोजामागं हे आपलं घर विसरून पुढच्या गल्लीत गेल्ते. मीच हात धरून आणलं. सांगू नको म्हणले."

रंगा तिच्यावर ओरडला. मी त्याच्यावर ओरडले. घरात असा कालवा झाला की पोरं रडायला लागली. पण त्यानं हात काढून घेतला न्हाई, अन् तेव्हाच मला कळलं की तो भ्यालाय.

काल त्याला जालन्याला नेलं. रस्ताभर भांडत होता. डॉक्टरनं बीपी मोजलं अन् दुसऱ्यांदा मोजलं. डोक्याचा फोटो काढला. मंग समजावून सांगितलं, की किडनीत बारीक नसा असतात अन् डोक्यातबी तसल्याच बारीक नसा. बीपीचा जोर दोन्हीकडं बसतो. एकदम मोठी नस गेली की लकवा होतो, पण त्याच्या आधी लई साल बारीक-बारीक जागा खराब होत राहतात. तिथून विसरणं सुरू होतं, हिशोब चुकतो. माणसाला स्वतःला कळत न्हाई.

"म्हणजे लबाडी न्हाई ना?" मी विचारलं.

डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं. "लबाडी कशी असंल आजी? आजार हाय हा."

तुमच्यासाठी विचारलं होतं मी ते. त्याला काय माहीत?

मंग त्यानं रंगाला विचारलं, गोळी का घेत न्हाई? हा मान खाली घालून बसला. नव्या नवरीसारखा! शेवटी मीच म्हणलं, "बाजारात सौद्याच्या मधून मुतायला जाता येत न्हाई, म्हणून!" बाहेर बाकावरचे लोक हसले. डॉक्टर हसला न्हाई. तो म्हणला, मंग एवढं सांगायचं ना. पाण्याच्या गोळीची वेळ बदलून देतो, बाजाराच्या दिवशी घरी आल्यावर घ्या. पण बीपीची गोळी एक दिवसबी सोडायची न्हाई. बिलकुल न्हाई.

एवढंच होतं हो! एवढ्याशा बोलण्याचं काम! बैलाच्या तोंडात हात घालणाऱ्या माणसाला डॉक्टरपुढं मुताचं नाव घ्यायची लाज वाटली, अन् त्या लाजेपायी डोकं गेलं, नाव गेलं, जीव गेला. तुमच्यावर राग धरू का कीव करू? मला दोन्ही येतं.

बिघडलं ते सगळं सुधरंल का, ते डॉक्टर सांगत न्हाई. इथून पुढं बिघडू नये म्हणून झटायचं, म्हणतो. आज सकाळी रंगानं माझ्यासमोर गोळी घेतली. मी जीभ वर करून दाखव म्हणलं. "मी लेकरू हाय का?" म्हणला, पण दाखवली. मंग चहा मागताना सुनीताला त्यानं त्या दोघांच्या मेलेल्या पोरीच्या नावानं हाक मारली. सुनीतानं कप ठेवला अन् ती आत गेली. चहा मीच त्याच्यापुढं सरकवला.

मी त्याला सांगितलं, आता रुमालाखाली हात घालायचा न्हाई. तो भडकला. "मंग काय करू? बापासारखा वट्ट्यावर बसू?"

"वट्ट्यावर बसलास तर पाठीत लाथ घालीन. बाजारात जा. भाव तोंडानं बोल, चार माणसांच्या समोर. चुकलास तर तिथंच कोणीतरी सांगंल."

"उघड्यावर सौदा कोण करंल, माय?"

"नवीन पोरं मोबाइलवर बैल विकून राह्यले, तिथं कोणता रुमाल टाकतात?"

त्याला हसू आलं, पण आवरलं. जाईल का न्हाई ते अजून सांगितलं न्हाई त्यानं.

तो जाओ न जाओ, पुढच्या बाजाराला मी जाणार हाय. बायामाणसं बैलांच्या बाजारात जात न्हाईत म्हणतात, तर म्हणू द्या. ज्यानं गचांडी धरली त्याच्यापुढं उभी राहीन अन् तुमचं नाव घेऊन सांगीन, की हा माणूस चोर नव्हता, आजारी होता. जन्मभर तुमचं नाव घेतलं न्हाई मी. त्या दिवशी घेईन, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं.

अन् एक शब्द देते. मी हाय तोवर रंगाची गोळी माझ्या डोळ्यांसमोर पोटात जाईल. रागावला तरी, घर सोडतो म्हणला तरी. तुमच्या वेळी गोळी तुमच्या हातात होती. ह्याची माझ्या हातात राहील.

मला तिकडं यायची जल्दी न्हाई. अन् पोराला तर मी बिलकुल पाठवत न्हाई. त्याची वाट पाहू नका.

रंगाची माय