मोकळं?

सोमवार, ३
आले एकदाची. लाकूड डेपोमागची पत्र्याची खोली मिळाली. खिडकी आहे, खाट आहे, खिळ्याला माझं नवंकोरं हेल्मेट आहे. घरात पहिली पदवी माझी, त्यामुळे आईने फोनवर तीनदा विचारलं, सुरक्षा प्रशिक्षक म्हणजे नक्की काय. म्हटलं, माणसं सकाळी जशी कामावर गेली तशी संध्याकाळी परत येतात ना, ते बघायचं. मग चांगलं आहे, म्हणाली, आणि जेवलीस का ते विचारलं.

मंगळवार, ४
टोळी चौघांची: मुकादम, थोरला आणि धाकटा असे दोघे करवतवाले, आणि फांद्या ओढणारी मावशी. थोरला पेट्रोलची करवत हातात लोंबकळत ठेवूनच दोरी ओढतो. मी ती जमिनीवर ठेवली, मागच्या मुठीवर पाय रोवला, चेन ब्रेक लावला आणि मगच दोरी ओढली. पात्याच्या टोकाने कापलं तर करवत उसळून तोंडावर येते, हेही समजावलं. मावशी म्हणाली, पुस्तकबाईला मशीन सुरू तरी करता येतं, आमचे साहेब तर लांबूनच नमस्कार करतात. सगळे हसले, मीही.

बुधवार, ५
एक गोष्ट खटकली. झाड पाडण्याआधी इथे कुणी हाक देत नाही. मुकादम पिवळं फडकं वर धरतो आणि सगळ्यांची फडकी दिसेपर्यंत थांबतो. दाट झाडीत दहा दहा मिनिटं जातात. नियम साधा आहे: करवत बंद करून विचारायचं, ‘मोकळं?’ प्रत्येकाने दूर उभं राहून उत्तर द्यायचं, ‘मोकळं.’ मुकादम म्हणाला, इथे कानावर काम चालत नाही, डोळ्यावर चालतं. का, ते विचारलं तर साखळीला कानस मारत बसला.

गुरुवार, ६
साहेबांकडून लेखी आदेश आणला. फडकी बंद, हाक सुरू. मीही उत्तर देते, म्हणजे कुणाला लाज वाटायला नको. काम निम्म्या वेळात झालं. मुकादमाने सगळी फडकी घडी करून माझ्या हातात ठेवली.

शुक्रवार, ७
थोरल्याने विचारलं. उत्तरं चार यायला हवीत. पाच आली.
प्रतिध्वनी असेल. पण तो सगळ्यांच्या आधी कसा येईल?

शनिवार, ८
मावशीने आज सांगून टाकलं. मुकादमाचा भाऊ याच टोळीत होता. मुकादमाने विचारलं, मोकळं? भावाच्या आवाजात उत्तर आलं, मोकळं. झाड पडलं ते भावावरच. तो तिथे डबा उघडून बसला होता. बाहेर काढला तेव्हा घास तोंडात तसाच. भरल्या तोंडाने एवढं लख्ख कोण बोलतं, बाई, असं मावशी म्हणाली. तेव्हापासून फडकी.

रविवार, ९
साहेबांना फोन केला. आदेश मागे घ्यायचा तर लेखी कारण द्या, म्हणाले. दुपारभर कागद समोर ठेवून बसले. शिकलेल्या माणसाने काय लिहायचं?
काही लिहिलं नाही.

सोमवार, १०
झाडीतून मावशीने ‘मोकळं’ म्हटलं.
मावशी माझ्या शेजारी पाणी पीत होती.
मी किंचाळले, थांबा, थांबा — काम थांबलं. तेव्हापासून आवाज फुटत नाही. डॉक्टर म्हणतात, घसा स्वच्छ आहे.

मंगळवार, ११, दुपार
मुकादम आदेश रद्द करून घ्यायला साहेबांकडे गेलाय. थोरला हाकेवरच कापतोय — आदेश आहे, माझाच. फडकी घेऊन निघाले. उतारावर घसरले, पाय दोन ओंडक्यांत अडकला — निघत नाही — फडकं हलवतेय. फडक्याकडे आता कोण बघणार?
करवत बंद झाली. विचारतोय.
मावशीने उत्तर दिलं. धाकट्याने दिलं.
माझी पाळी. तोंड उघडते — नुसता वारा —
आणि माझाच आवाज. झाडामागून. लख्ख.
बाईंचा घसा सुटला वाटतं, असं धाकटा म्हणतोय. हसताहेत. सुटला नाही — ती मी नाही — मी इथे, झाडाच्या बरोबर