वरच्या चौकीची तार

लष्करी इस्पितळ,
ता. १२ जानेवारी १९५७

ती. वच्छलाअक्कास पितांबरचा सा. न. वि. वि.

धुळ्याला यंदा फार थंडी आहे असं तू लिहिलंस, ते वाचून हसू आलं. आता पुढचं लिहितो ते आबांना कळता कामा नये. तापाने इस्पितळात आहे असं मी सगळ्यांना लिहिलं होतं, पण मला ताप आला नव्हता. नोव्हेंबरात आमच्या डोंगरावर तीन दिवस बर्फ पडत राहिला. वरच्या चौकीची टेलिफोनची तार तुटली, वायरलेसही बंद पडला. चौकी सोडून खाली या, असा हुकूम वर पोचवायचा होता. सिग्नलचा अधिकारी मी, म्हणून मी आणि लाईनमन वना तुटलेली जागा शोधायला निघालो. वना आपल्या साक्रीकडचा. बर्फातसुद्धा त्याची अहिराणीत बडबड चालूच. पण माझ्या डाव्या पायाची तीन बोटं गारठून काळी पडली आणि डॉक्टरांना ती काढावी लागली.

काठी घेऊन चालतो. नोकरी शाबूत आहे, पुढे महूला सिग्नलच्या शाळेत शिकवायला पाठवतील म्हणतात. पळणं मात्र संपलं. कॉलेजात मैलाच्या शर्यतीला आबा असोद्याहून यायचे आणि घसा बसेपर्यंत ओरडायचे. त्यांना हे कोणत्या तोंडाने सांगू?

रागाव, पण माया कमी करू नकोस.

तुझा पितांबर

धुळे,
ता. २२ जानेवारी १९५७

चि. पितांबरास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता चुलीवरचं वरण करपलं. घरात फक्त यांना सांगितलं. बोटं गेली तर गेली, तू आहेस ना! पण शहाण्या, आता गप्प बसून भागायचं नाही. आबांनी तुझ्यासाठी बोदवडच्या जीवरामभाऊंची शेवंता पाहिली आहे. सातवी शिकलेली, कामाला चपळ आणि बोलायला तुझ्यापेक्षा धीट. त्यावर कडी म्हणजे, मार्चमध्ये जळगावला माजी विद्यार्थ्यांच्या शर्यती आहेत, तिथे आबा स्वतः जाऊन तुझं नाव देऊन आले! बोदवडची मंडळी बघायला येणार म्हणून सगळ्या असोद्यात सांगत सुटलेत.

तेव्हा तूच लिही. पंधरा दिवसांत लिहिलं नाहीस तर मी जाऊन सांगेन. लहानपणी मी चुगली केली की तू रडायचास, पण सुधारायचासही.

पायाला जप, आणि या कजाग बहिणीवर लोभ ठेव.

अक्का

लष्करी इस्पितळ,
ता. १ फेब्रुवारी १९५७

तीर्थरूप आबांच्या चरणी पितांबरचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आबा, तापाचं मी खोटं लिहिलं होतं. वरच्या चौकीची तार जोडायला गेलो असताना बर्फाने डाव्या पायाची तीन बोटं गेली. चालता येतं, पळता येत नाही. शर्यतीतून माझं नाव काढून घ्या. बोदवडच्या मंडळींनाही खरं ते सांगा. त्यांनी नाही म्हटलं तर मला वाईट वाटणार नाही. तुम्ही खाली मान घालून परत आलात, तर वाटेल.

अपराध पोटात घालून आशीर्वाद चालू ठेवावा.

आपला पितांबर

असोदा,
ता. १४ फेब्रुवारी १९५७

चि. पितांबर यास शालिग्रामचे आशीर्वाद, उपरी.

पत्र दोनदा वाचलं आणि केळीत जाऊन बसलो. पाणी भरायचं होतं, भरलं नाही. तू पळतोस म्हणून तू मला प्यारा, असं तुला वाटलंच कसं? राग आहे तो लपवल्याचा. शर्यतीतलं नाव मी काढून आलो.

मग बोदवडला गेलो आणि ओसरीवर बसून सगळं सांगितलं. तेवढ्यात शेवंता चहा घेऊन बाहेर आली आणि मलाच विचारू लागली, की तार जोडली गेली का, वरची माणसं खाली आली का? बापाने डोळे वटारले तरी ती हलेना. मी तुझं पत्र काढून पुन्हा पाहिलं. त्यात ते नव्हतं, आणि चार वर्षांत तू फौजेत नेमकं काय करतोस हे मी कधी विचारलंही नव्हतं. जीवरामभाऊ म्हणाले, पोरगी म्हणेल तसं. ती म्हणाली, आधी उत्तर येऊ द्या.

तर काय झालं ते लिही. मलाही ऐकायचं आहे.

प्रकृती सांभाळ. माझी माया आहे तशीच आहे, हे निराळं लिहायला नको.

शालिग्राम

लष्करी इस्पितळ,
ता. २४ फेब्रुवारी १९५७

तीर्थरूप आबांस पितांबरचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

जोडली, आबा. दुसऱ्या दिवशी दुपारी दरीच्या काठी तुटकी टोकं सापडली. हात वळत नव्हते. वनाने दातांनी तार सोलली, मी पीळ दिला. फोन लावला तर वरचा हवालदार रडवेल्या आवाजात हॅलो हॅलो करत होता. दोन दिवस तो त्या फोनपासून उठला नव्हता. मी हुकूम सांगितला. संध्याकाळी ते उतरताना दिसले. वनाने बोटाने एकेक मोजला आणि मला हलवून म्हणाला, साहेब, बठ्ठा उनात, सगळे आले. चौदाच्या चौदा. तोवर मला उभं राहता येत नव्हतं. त्यांनीच आळीपाळीने पाठीवर घेऊन मला खाली आणलं. तिसऱ्या दिवशी कडा कोसळला आणि चौकी बर्फाखाली गेली.

शेवंतेला मात्र हे कळवू नका. माझी सुट्टी मंजूर झाली आहे. नऊ मार्चला भुसावळला उतरतो. तुम्ही स्टेशनावर या, आपण तिथूनच बोदवडची गाडी धरू. असोद्याला नंतर. विचारलं तिने आहे, तर उत्तर मीच देतो.

तोवर लोभ असावा. भेटल्यावर तो मागावा लागणार नाही.

आपला पितांबर