फीचे पैसे धम्मदीपकडे

३ मार्च
आजपासून पैशाचं काटेकोर प्लॅनिंग. बाबांनी बोकड विकून मंगळवेढ्याहून परीक्षा फीचे चोवीसशे पाठवले. माझ्याकडे पैसे टिकत नाहीत, सोलापूरची हवाच तशी आहे. म्हणून सगळे पैसे रूम पार्टनर धम्मदीपकडे दिले. अट एकच. मी कितीही मागितले तरी द्यायचे नाहीत, माझी फी त्यानंच भरायची. तो बरं म्हणाला. जरा लवकरच म्हणाला.

५ मार्च
सहज दोनशे मागून पाहिले. देत नाही. म्हणे, तूच सांगितलंस की! पैसे खरंच जवळ असते तर माणूस इतका ठाम राहिला असता का?

६ मार्च, संध्याकाळ
धम्मदीप रोज सायकल काढून कुठंतरी जातो. शिकवणी घेतो म्हणे. आज रिक्षा करून मागं गेलो. थेट जुळे सोलापूर, फ्लॅटवाल्यांची वस्ती! एका अपार्टमेंटमध्ये शिरला तो तासभर बाहेर नाही. माझ्या पैशात फ्लॅट बघतोय की काय? रिक्षावाल्यानं थांबण्याचे वेगळे घेतले. खर्च धम्मदीपच्या नावावर धरायचा.

९ मार्च
त्याच्या पायात नवी चप्पल. जुनी तुटली म्हणाला. नेमकी आत्ताच?

११ मार्च
सोक्षमोक्ष. घरमालकीण सावित्रम्मांना साक्षीला बसवून पैसे मागितले. धम्मदीप म्हणाला, तुझी फी परवाच भरली, मेसेज आला असंल बघ. मी अनोळखी मेसेज उघडत नाही, सगळे फ्रॉड असतात. तसं तोंडावर सांगितलं. चोरसुद्धा म्हणालो. सावित्रम्मा म्हणाल्या, असं बोलू नये बाळा. याही सामील असाव्यात.
धम्मदीप उठला. कपाटातून चोवीसशे काढले आणि माझ्या हातात ठेवले. म्हणजे फी भरलीच नव्हती! पकडला.

१२ मार्च
विजयानिमित्त वर्गातल्या संगमेशला जेवू घातलं. एक शर्ट. ट्रंकेला भारी कुलूप, कारण धम्मदीप त्याच खोलीत झोपतो. उरले अकराशे.
बाबांचा फोन. फी भरली का रं? भरली म्हणालो. धम्मदीपमुळे बापाशी खोटं बोलावं लागलं.

१४ मार्च
फीची शेवटची तारीख. उरलेले अकराशे घेऊन ऑफिसात गेलो, मुदत मागायला. मॅडमनी कॉम्प्युटरवर पाहिलं. म्हणाल्या, तुमची फी नऊ तारखेलाच जमा आहे, ती भरून गेलेल्या तुमच्या मित्राची तेवढी राहिली.
जिन्यात बसून मेसेज उघडला. होता.
म्हणजे कपाटातले पैसे त्याच्या स्वतःच्या फीचे. शिकवणीचे. मी ते संगमेशला जेवू घातले.
खोलीवर जाऊन अकराशे पुढं केले. काउंटर बंद झालं होतं. उद्या दंडासकट भरतो म्हणाला, शिकवणीच्या बाईंकडून ॲडव्हान्स घेऊन. मी माफी मागितली, अगदी मनापासून. फार लाज वाटली. तो म्हणाला, असू दे. पण पुढच्या सेमला पैसे माझ्याकडं देऊ नको.
मग कुणाकडं देऊ? बराच विचार केला. सोलापुरात विश्वासाचं दुसरं माणूस मला ठाऊक नाही. मी धरून.