लाल गाडीचे दुर्गुण

तीर्थस्वरूप मामांना साष्टांग नमस्कार (तुमच्याच गाडीखाली पडून लिहितोय, त्यामुळे नमस्कार उताणा असला तरी गोड मानून घ्या).

गुडघा कसा आहे? मामींचा त्याच्यावरचा राग निवळला का? आम्ही सगळे मजेत. 'तुला व्हॅन आली, आता माझी लाल गाडी परत पाठव,' हे तुमचं पत्र मिळालं. तुमचीच वस्तू तुम्ही मागताय, त्यात मी कोण बोलणार? पण भाचा म्हणून खरं सांगणं माझं कर्तव्य आहे. ती गाडी आता तुमच्या लायकीची राहिलेली नाही.

दोनच सीट, त्याही जमिनीपासून वीतभर. बसताना गुडघे हनुवटीला टेकतात (तुमच्या गुडघ्याची चौकशी उगाच केली नव्हती). छत एकदा उघडलं की मिटत नाही. आम्हा काचा बसवणाऱ्यांना असली गाडी काय कामाची? मागे एकदा एका सलूनचा पुरुषभर उंचीचा आरसा तिच्यातून नेला. तुमच्या सुनेनं तो शेजारी बसून धरला होता, आरशाचं तोंड मागच्या बाजूला. मागच्या ट्रकवाल्याला वाटलं, समोरून ट्रक अंगावर येतोय. बिचारा चौकापर्यंत स्वतःलाच हॉर्न देत आला आणि शेवटी स्वतःला वाट द्यायला फुटपाथवर चढला! आरसा वाचला, पण तुमची सून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी व्हॅन घेतली. तेव्हापासून लाल गाडी दर गुरुवारी रुसते (सवतीमत्सर, दुसरं काय). शुक्रवारी पुन्हा शहाण्यासारखी चालू. तीन मेकॅनिक झाले, पण तिघेही उगवले शुक्रवारी; चालत्या गाडीपुढे तिघांनीही हात टेकले. आज गुरुवार, म्हणून मी स्वतःच सुट्टी घेऊन खाली शिरलोय.

व्हॅन मात्र गुणांची खाण. दहा काचा सहज उभ्या राहतात. मागे घेताना आतली बाई 'सांभाळा' म्हणते, दार उघडं राहिलं की किरकिरते, पट्टा विसरलो की ओरडते. घरच्यासारखंच वाटतं. चुकायची सोयच नाही, आणि तिथंच मामा, रस्ता फार लांब वाटतो. लाल गाडी चढावर गुरगुरली की बेचाळीस वर्षांचा हा घोडा शीळ घालतो. तुम्ही मला मांडीवर घेऊन तिचं स्टिअरिंग हातात दिलं होतं, ते अजून तळव्यांना आठवतं. (हाही तिचा दुर्गुणच धरावा.)

आपला भाचा

ता. क. तुमच्या गुडघ्याचा विचार करून मी व्हॅनच पाठवतो. नवी आहे, चढायला पायरी आहे. ते लाल भंगार माझ्याकडेच सडू द्या. तुमच्या सुनेला हे माहीत नाही. पत्र तिच्याच हातून पोस्टात टाकतोय, पण पाकीट घट्ट चिकटवलंय.

ता. क. मामा, सुनेचा नमस्कार. पाकीट घट्ट नव्हतं. व्हॅन येणार नाही, नाहीतर आरसे पुन्हा माझ्याच गळ्यात. लाल गाडीही कृपा करून मागू नका. दर गुरुवारी सकाळी मी तिची एक वायर काढून ठेवते, हे व्हॅन घेऊन कामावर गेले की लावते आणि दुपारभर भटकून येते. आज हे घरीच राहिले आणि माझा गुरुवार बुडाला. वायर माझ्या पर्समध्ये आहे. छतही मिटतं, खटका सीटखाली आहे; यांना सांगू नका. मामींना एखाद्या गुरुवारी नक्की पाठवा. सीट दोनच आहेत, तेव्हा तुम्ही घरी गुडघा शेकत बसा.