खळ्यातले बूट

आई, इतक्या उशिरा लिहितोय, रागावू नकोस. तू गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणत राहिलो. शाळा चौथीपर्यंतचीच. पण आज तुला विचारल्याशिवाय राहवत नाही.

मळणीयंत्राचे ते दिवस तुला आठवत असतील. नव्वदनंतरची वर्षं, मी पन्नाशीला आलेला, दुसऱ्याच्या मशीनवर जुन्नर-आंबेगावची गावं फिरायचो. पूर्वी खळं शेणानं सारवलेलं असायचं, तिथं वहाणा काढायला काही वाटत नसे. मशीन आलं आणि ते रानातच, बाजरी कापल्यावर उरलेल्या टोकदार सडांवर उभं राहू लागलं. तरी खळं ते खळं, म्हणून आम्ही सगळे पायताण बांधावर काढून अनवाणीच राबायचो. महाळुंगे पडवळला असाच एक सड माझ्या टाचेत घुसला. हळद भरून चिंधी बांधली आणि घरी काही बोललो नाही. तू चुलीपुढं भाकरी थापतेयस. मी उंबरा ओलांडतो, तशी मागं न बघताच विचारतेस, "कोणता पाय?"

चिंधी सोडलीस, वास घेतलास, तव्यावरची भाकरी करपू दिलीस. "घोडा झालास, पर दुखणं लपवायची खोड गेली न्हाई. पाय काळा पडल्याव दावणार व्हतास का?" दुसऱ्या दिवशी एसटीनं जुन्नरला नेलंस. डॉक्टरांनी जखम धुतली, सुई टोचली. मग पेठेत तू मला जाड तळाचे बूट घेऊन दिलेस. घेण्याआधी दुकानदाराला म्हणालीस, "ह्यात खिळा घुसत न्हाई म्हंता, मग घाला तुमीच पायात, मी दाभण आणते." तो बिचारा घामाघूम.

पाय बरा झाल्यावर त्याच खळ्यावर जायचं होतं, तर तूही निघालीस. मला मेल्याहून मेल्यासारखं. मालक म्हातारा लांबूनच ओरडला, "मशीनवाले, बूट काढा. लक्ष्मी हाय हितं." मी वाकलोच होतो. तू पदर खोचून पुढं झालीस. "भाऊ, रास पुजाल तवा काढंल की तो. आता हितं नुसते सड हायती. लक्ष्मी येईस्तवर त्याचा पाय तर राहू द्या." माणसं हसली. म्हातारा म्हणाला, "मावशे, तुज्यापुढं मशीनचा आवाज बी कमीच." दुपारी बघतो तर तोच वहाणा घालून कणसांच्या पाट्या ओढतोय.

आता मला साखर आहे, आई. तळव्यांना टोचलेलं कळत नाही. रोज पाय धुतो, बोटांच्या बेचक्या कोरड्या करतो, भेगांना तेल लावतो, आरसा खाली ठेवून तळवे बघतो. सून हसते, "मामा, सकाळीच बघितलं की!" हसू दे. मागं करंगळीला फोड आला तेव्हा मी जेवलो नव्हतो. तोही भरला. बाकी सुखात आहे, दहाही बोटं जागेवर आहेत.

घोर एकच. परवा पोराच्या खळ्यावर रास पुजायची, नारळ मीच फोडायचा. डॉक्टर म्हणतात, घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही. तू म्हणाली होतीस, पूजेला काढायचे. मी कोणाचं ऐकू? हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते कळतं मला. आणि खरं सांगायचं तर बूट घालूनच उभं राहायचं मी ठरवलंय, पोरालाही तसं सांगितलंय. तरी तुझ्या होकाराशिवाय जिवाला चैन नाही. स्वप्नात ये, नाहीतर कोणाच्या तरी तोंडून सांग, पण लवकर निरोप धाड.