संत अगोताचा पाव आणि आमचं तळघर

गिल्बर्ट पॅच, पेन्सिल्वेनिया
१९ मार्च

तीर्थरूप ओनाताईस,

तुझ्या धाकट्या आणि तुझ्या मते अजूनही बिनडोक असलेल्या भावाचा, म्हणजे फेलिक्सचा, वाकून नमस्कार. (वाकून हे अगदी खरं लिहिलंय. कंबर धरल्यापासून मी सरळ असा उभाच राहत नाही.) तुझा गुडघा काय म्हणतो? फ्लोरिडाच्या उन्हात दुखणी पळून जातात असं ऐकतो. इथे मार्च निम्मा सरला तरी दारात बर्फ आहे आणि तो रोज मीच काढतो. तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही हे माझ्या लक्षात आहे. तुझ्याही असणारच, तू काही विसरणाऱ्यातली नव्हेस. पण आता पत्र उघडलंच आहेस तर फाडू नकोस, पुढे गंमत आहे.

आपल्या सेंट कॅसिमिर सभागृहाच्या तळघरात आम्ही लिथुएनियन लोकांचं संग्रहालय काढलंय, हे तुला कुणीतरी कळवलं असेलच. संग्रहालय म्हणजे काय, तर अख्ख्या गावाच्या माळ्यावरचं सामान उतरून आमच्या तळघरात आलं. सत्तावीस प्रार्थनापुस्तकं, चौदा खाणदिवे, अकरा अ‍ॅकॉर्डियन (त्यातलं एक वाजतं, आणि ते वाजू नये असं सगळ्यांचं मत आहे). पण कागद मात्र खरे सोन्यासारखे आहेत, ताई. कोण कुठल्या बोटीनं आला, कोण कुठल्या खाणीत गेला, कुणाच्या लग्नात कोण नाचलं, सगळं आहे. बाबांचा खाणीतला पितळी बिल्ला आहे. आईनं आपल्या लिथुएनियन मंडळाच्या वहीत स्वतःच्या हातानं लिहिलेली ख्रिसमसच्या आदल्या रात्रीच्या बारा पदार्थांची यादी आहे, आणि हेरिंग माशापुढे तिनं तीन वेळा रेघ मारली आहे. संग्रहालयाचा प्रमुख मी. कारण किल्ली माझ्याकडे असते.

आता झालं असं की जिल्ह्याच्या वारसा समितीचं पत्र आलं. कागद नीट सांभाळले जात असतील तर इथेच राहू देऊ, नाहीतर सगळी खोकी विद्यापीठाच्या गोदामात नेऊ. गोदाम मोटारीनं तीन तासांवर! मला धडकीच भरली. आपली फिलोमेना बर्कवेज आता चौऱ्याऐंशीची झाली. तिला रविवारी चर्चला न्यायचं तर दोन माणसं लागतात. ती काय गोदामात जाऊन आपल्या बापाचा फोटो बघणार? दर गुरुवारी ती तळघरात येते, त्या फोटोला गुड मॉर्निंग म्हणते आणि मग आम्हाला ओरडायला सुरुवात करते. ते बंद झालं तर ती महिनाभरही टिकायची नाही, असं मला मनापासून वाटतं. आणि मी टिकेन का, हेही सांगता येत नाही.

तर समितीच्या मिस हन्सिकर जानेवारीत आम्हाला शिकवायला आल्या. बाई हुशार, आवाज बारीक, बूट मोठे. त्यांनी सांगितलं की कागदांचा पहिला शत्रू आग. दुसरा आणि तिसराही सांगितला, पण आग म्हटल्याबरोबर फिलोमेनानं माझ्याकडे पाहिलं, मी लिओ मिंकविजकडे पाहिलं, आणि पुढचं कुणी ऐकलंच नाही. (लिओ म्हणजे तोच, तीस वर्षं गावच्या आगीच्या बंबाचा मुख्य होता. तू एकदा त्याच्याबरोबर नाचली होतीस. तो अजून सांगतो.) आगीवर उपाय काय, हे आपल्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे: संत अगोताचा पाव घरात असला की आग फिरकत नाही. पाच फेब्रुवारीला संत अगोताच्या दिवशी फिलोमेनानं काळ्या पावाचे त्रेचाळीस तुकडे टोपलीत घालून चर्चमध्ये नेले, फादरकडून त्यांच्यावर आशीर्वाद घेतला, आणि आम्ही तिघांनी ते प्रत्येक खोक्यात, प्रत्येक कप्प्यात, प्रत्येक चौकटीमागे एकेक करून ठेवले. टोपली मी धरली होती, खोटं कशाला सांगू? सगळ्यात मोठा तुकडा लिओनं मागून घेतला आणि विजेच्या बोर्डावर ठेवला. बंबाचा मुख्य तो! त्या रात्री मी इतका शांत झोपलो की काय सांगू.

पंधरा दिवसांत उंदीर आले. मंडळाच्या पहिल्या अध्यक्षांचा तो मोठा फोटो आठवतो ना, हातभर मिशांचा? त्याच्या चौकटीमागचा पाव खाता खाता उंदरानं नेमक्या मिशा खाल्ल्या. अध्यक्ष आता तुळतुळीत दिसतात, आणि खरं सांगायचं तर जरा तरुणही. मी सापळे लावले. त्यात लिओचा अंगठा सापडला.

तेवढ्यात निरोप आला की नऊ मार्चला मिस हन्सिकर तपासणीला येणार. तेव्हा कुठे मी त्यांनी दिलेला नियमांचा कागद उघडला. दुसऱ्याच ओळीत लिहिलंय, कागदांच्या खोलीत खाण्याची वस्तू नको, कणभरही नको. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. नऊ तारखेच्या सकाळपासून तिघं मिळून पाव गोळा करत बसलो. अडतीस तुकडे सापडले. (उरलेले पाच उंदरांच्या नावावर घाल.) मी ते कचऱ्याच्या डब्याकडे न्यायला निघालो तर फिलोमेना दारात आडवी. म्हणाली, "आशीर्वादाचा पाव उकिरड्यावर टाकणार? तुझी आई वर बसून बघतेय हो, मेल्या!" आशीर्वादाची वस्तू एकतर खायची, नाहीतर जाळायची, असा तिचा कायदा. मग लिओनं मागच्या अंगणात पिंपात लाकडं पेटवली. जाळ चांगला धडधडला, आणि त्यानं अख्खी टोपली त्यात उपडी केली.

ताई, तू हसशील. अगोताचा पाव आगीत टाकला की आग विझते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आणि इथे तीन शहाणी माणसं त्याच पावाचे अडतीस तुकडे आगीत टाकून ते जळायची वाट बघत उभी! दोन मिनिटांत जाळ बसला. लिओनं पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. मुळात काळाच पाव, त्यामुळे जळलाय की नाही हेही कळेना. (लाकडं ओली होती असं माझं मत आहे, पण ते मी फिलोमेनासमोर बोललो नाही.) लिओचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तीस वर्षं आग विझवणाऱ्या माणसाला एक साधी आग लावता येईना! आणि फिलोमेना बर्फात उभी राहून टाळ्या वाजवत होती. "बघितलंत? उगाच हसता मला!"

राहिला एकच मार्ग. फिलोमेनानं वरच्या स्वयंपाकघरात बिटाच्या सूपचं भलंमोठं पातेलं चढवलं आणि आम्ही महिन्याभराचा, दगडासारखा, धुराचा वास मारणारा पाव बुडवून बुडवून खायला बसलो. एकविसाव्या तुकड्याला लिओची कवळी तुटली. तिसाव्याला मी सगळ्या संतांची क्षमा मागितली. आणि शेवटचा तुकडा लिओच्या तोंडात असताना दारात मिस हन्सिकर. तासभर आधी!

मी पातेल्यावर झाकण घातलं. फिलोमेनाला मात्र लपवाछपवी जमत नाही. तिनं बाईंना बसवलं, वाटी पुढे केली, आणि पहिल्या चमच्यापासून शेवटपर्यंत खरं ते सगळं सांगून टाकलं. मी टेबलाखालून लाथ मारत होतो, ती लिओला लागत होती. बाईंनी दोन वाट्या सूप घेतलं, चमचा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, चरखे आणि दिवे मला सगळीकडे दिसतात. कागद आगीतून वाचावेत म्हणून माणसांनी असं काही केलेलं मी पहिल्यांदाच बघतेय. तेच तुम्ही खाऊन टाकलंत? एक तरी तुकडा काचेत ठेवायचा होता!" लिओनं आज्ञाधारकपणे तोंड उघडून दाखवलं. उशीर झाला होता. खोकी इथेच ठेवायच्या परवानगीवरच्या सहीचं काय झालं ते खाली लिहितो, कागद संपत आला.

उन्हात फार हिंडू नकोस, गुडघ्याला जप.

तुझा,
फेलिक्स

ता. क. मुख्य काम राहिलंच. आजीनं बोटीत बसताना रुमालात बांधून आणलेला अगोताचा पाव तुझ्याकडे आहे. एक अस्सल तुकडा काचेत लागल्याशिवाय मिस हन्सिकर सही करणार नाहीत. मुदत ईस्टरपर्यंत. आई गेल्यावर घर आवरताना "ने तो दगड, मला काय करायचाय" असं मी म्हणालो होतो. चुकलो. फार चुकलो. एवढं लिहायला मला तीन वर्षं लागली.

ता. क. दुसरा. पोस्टानं पाठवू नकोस, चुरा होईल. स्वतः घेऊन ये. वरची खोली झाडून ठेवली आहे.

ता. क. तिसरा. तो हरवला असेल तर वाटेत कुठल्याही बेकरीतून काळा पाव घे आणि वाळव. मी कुणाला बोलणार नाही. (संग्रहालयाच्या प्रमुखानं असं लिहू नये. हे वाचून झालं की फाड.)

ता. क. चौथा. चिकटवलेलं पाकीट पुन्हा फोडलं. बाईंनी सही त्याच दिवशी, दुसरी वाटी संपायच्या आत केली. खोकी इथेच राहणार, फिलोमेनाचा बापही इथेच राहणार. पावावाचून कुणाचंच काही अडलेलं नाही. तो तुझ्या चुलीपाशीच राहू दे, आजीनं त्यासाठीच आणला होता. तू मात्र ये, ताई.