मालुआक्काचे कुंकू आणि पेन्शनचा अर्ज

मुक्काम बोरगाव, मार्गशीर्ष, सन १९२१

राजमान्य राजश्री हवालदार नागोजीराव यांस परशराम मास्तराचा रामराम. आपला गोळी लागलेला पाय थंडीत ठणकतो काय? इकडे सर्व कुशल, असे लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरे तर चार दिवस मला अन्न गोड लागत नाही.

कारण माझी थोरली बहीण, मालुआक्का. तिचे यजमान, म्हणजे तुमच्या पलटणीतले आमचे दाजी, बसऱ्याकडच्या लढाईत बेपत्ता झाले, 'मयत समजावे' असा कागद आला, त्याला पाच वर्षे झाली. सरकारने समजून घेतले, आक्काने नाही. ("समजावं म्हंजे काय रं? हाईत का न्हाईत ते सांगा म्हणावं.") कपाळावर कुंकू अजून ठसठशीत. पण घरात दोन लेकी, आणि माझा पगार शाळाखात्याचा (म्हणजे असून नसल्यासारखा). लढाईत पडलेल्या शिपायांच्या विधवांना पेन्शन मिळते, तर अर्ज करू म्हणून तीन दिवस विनवले, तेव्हा ती तालुक्याला आली आणि कचेरीमागच्या विहिरीवर तिने कुंकू पुसले, तेही तोंड धुतल्याचे निमित्त करून. आत सगळे सुरळीत झाले, अंगठा उठला. मी सुटलो म्हणून पान खायला वळलो (इथेच चुकलो), तेवढ्यात बाईने पदराच्या गाठीतली पुडी सोडून कचेरीच्या पायरीवरच पुन्हा कुंकू लावले. कारकून नेमका तपकीर ओढायला बाहेर आला. "दुसरं लगीन केलासा व्हय?" त्याने विचारले. आक्का म्हणाली, "पयलंच अजून मोडलं न्हाय." अर्जावर शेरा पडला: 'नवरा मयत नाही किंवा दुसरा केला आहे. चौकशी व्हावी.'

चौकशीचे साहेब पुढच्या बुधवारी येणार आहेत. शेवटच्या दिवशी खंदकात दाजींच्या शेजारी तुम्हीच होता. तेव्हा 'माझ्या डोळ्यादेखत पडले' असे शपथेवर लिहून कचेरीकडे तातडीने धाडावे. मला फार धास्ती वाटते.

ता. क. हे आक्काने ऐकले. म्हणते, "नागोजीभाऊजींनी बगितलं आसंल तरच लिवू दे. बगितलं आसंल तर मी माझ्या हातानं पुशीन, कुणी सांगाय नगं." पत्र अजून पेटीत पडले नाही, तरी तेव्हापासून ती टपालवाल्याच्या वाटेवर जाऊन उभी राहते.

आणखी एक. म्हणून दोन पत्रे लिहा. कचेरीला लिहा 'पाहिले', घरी लिहा 'पाहिले नाही'. खरे काय ते मला मात्र कळवू नका. घरची पत्रे मीच वाचून दाखवतो, आणि आक्का तेव्हा कागदाकडे बघत नाही, माझ्या तोंडाकडे बघते.